क्रॉसबो : ओढणे आणि सोडणे यांच्यातले अंतर

जगाच्या इतिहासाच्या पुस्तकांत क्रॉसबोविषयी एक वाक्य ठरलेले असते. साध्या धनुष्यात तरबेज व्हायला वर्षे लागतात, क्रॉसबो मात्र शेतावरून उचलून आणलेला गडीही आठवड्याभरात शिकतो, आणि म्हणून ते शस्त्र पसरले. वाक्य सर्वस्वी खोटे नाही. पण ते वाचून असा समज होतो की यंत्र आले आणि कौशल्याची गरज संपली. या टिपणात मला तुम्हाला वेगळी गोष्ट दाखवायची आहे. कौशल्य संपले नाही, त्याची जागा बदलली. धनुर्धराच्या खांद्यात जे होते त्यातले काही ओतारी आणि सुताराच्या हातात गेले, काही शस्त्रागाराच्या नोंदवहीत गेले, आणि उरलेले शस्त्र जुळवणाऱ्याकडे व सराव करणाऱ्याकडे राहिले. आज परदेशी बाजारात शिकारीसाठी मिळणारा पाऊण-एक मीटर लांबीचा आटोपशीर क्रॉसबो समोर ठेवला, तर ही सगळी वाटणी त्याच्यावर वाचता येते. तो जुळवायचा कसा आणि त्यावर हात बसवायचा कसा, हेही शेवटी पाहू. पण ते समजायला आधी मागे जावे लागेल.

शोध नेमका कशाचा?

हाताच्या धनुष्यात दोरी ओढणे, ती ताणलेली धरणे, नेम धरणे आणि सोडणे ही चारही कामे एकाच देहाला एकाच वेळी करावी लागतात. ताण जितका जास्त, तितका नेम धरायला वेळ कमी. क्रॉसबोत कमान एका लाकडी दांड्याला आडवी बसवलेली असते आणि ओढलेली दोरी दांड्यावरच्या खटक्यात अडकून राहते. एवढ्याने ओढणे आणि सोडणे ही दोन वेगळी कामे झाली. ओढायला पाय वापरा, पाठ वापरा, कप्पी लावा, रहाट लावा, हवा तेवढा वेळ घ्या. नेम धरताना हातावर ताण नसतोच.

वर्गात मी विचारतो, की यातला नवा भाग कोणता? बहुतेक विद्यार्थी कमानीकडे बोट दाखवतात. कमान तर हजारो वर्षांची जुनी आहे. नवा आहे तो खटका. त्याने शेकडो किलोंचा ताण घसरू न देता धरायचा आणि एका बोटाच्या हलक्या दाबाने एका क्षणात सोडायचा. दोन्ही अटी एकत्र पाळणे किती अवघड आहे, हे यंत्रशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम केलेल्या कोणालाही कळेल. (जाता जाता : मराठीत ‘चाप’ म्हणजे धनुष्य, आणि बंदुकीचा ओढतो तोही चापच. कमानीचे नाव खटक्याला कसे लागले हे भाषेच्या अभ्यासकांनी सांगावे, पण आपल्या विषयाला ते फार शोभते.)

चीनमध्ये हा प्रश्न इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापर्यंत सुटलेला होता. माळिंगच्या लढाईत, इ.स.पू. ३४१ च्या सुमारास, अरुंद वाटेवर दबा धरून बसलेल्या क्रॉसबोधारकांनी शत्रूचे सैन्य कापून काढले, असे सिमा च्येनच्या इतिहासात येते. त्या काळचे कांस्याचे खटके उत्खननांत सापडले आहेत. त्यात हलणारे तीन तुकडे आणि त्यांना धरणाऱ्या दोन खिळी, एवढाच कारभार. पहिल्या तुकड्याचे वर आलेले दोन दात दोरी धरतात, दुसरा तुकडा पहिल्याला आडवा येऊन टेकू देतो, तिसरा म्हणजे चाप, जो दुसऱ्याला रोखून ठेवतो. दोरीचा जवळजवळ सगळा ताण खिळींवर उतरतो, चापापर्यंत फक्त थोडे घर्षण पोचते. चाप ओढला की टेकू निसटतो, दात खाली पडतात, दोरी सुटते. पुन्हा भरायला दात वर उचलले की तिन्ही तुकडे आपापल्या जागी येऊन बसतात. खिळीचे भोक किंचित चुकले तर हाच खटका एक तर अडकणार नाही, नाही तर आपोआप सुटेल. म्हणजे अचूकपणा आता सैनिकाच्या बोटांत नसून ओतकामात आणि कानसकामात आहे.

शिआनजवळच्या मातीच्या सैन्याबरोबर, म्हणजे इ.स.पू. २१० मध्ये वारलेल्या छिन शी ह्वांग या सम्राटाच्या दफनस्थळी, असे खटके मोठ्या संख्येने निघाले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या आणि शिआनच्या संग्रहालयाच्या संशोधकांनी त्यातले दोनशेहून अधिक खटके मोजले. एका मोठ्या साखळीत सगळे सारखे सुटे भाग बनत असतील आणि कुठलाही भाग कुठल्याही खटक्यात बसत असेल, अशी आपली कल्पना असते. मोजमापे तसे सांगत नाहीत. खटक्यांचे गट पडतात; एका गटातले भाग एकमेकांशी जुळतात, दुसऱ्या गटाशी नाही. म्हणजे कारागिरांच्या छोट्या छोट्या तुकड्या संपूर्ण खटके घडवत होत्या. सुट्या भागांची अदलाबदल हे आधुनिक उत्पादनाचे तत्त्व तिथे शोधू नका. तिथे होती ती घासून जुळवण्याची कला.

बारा बाण

आता ‘आठवड्याभरात शिकतो’ या वाक्याला उत्तर देणारा पुरावा. १९३० मध्ये चीन-स्वीडन संयुक्त मोहिमेतले पुरातत्त्वज्ञ फोल्के बर्गमन यांना वायव्य चीनच्या वाळवंटात, एत्सिन-गोल नदीकाठच्या ज्यूयान भागात, हान राजवटीच्या सीमाचौक्यांचे दफ्तर सापडले. कागदाच्या आधीचा काळ, त्यामुळे लिखाण लाकडाच्या पट्ट्यांवर. अशा सुमारे दहा हजार पट्ट्या. त्यात पगार आहेत, धान्य आहे, हरवलेल्या घोड्यांच्या तक्रारी आहेत, आणि शस्त्रांच्या याद्या आहेत.

या यादीत क्रॉसबोची ताकद ‘शि’ या वजनात लिहिलेली असते. एक शि म्हणजे साधारण ३० किलो, आणि नेहमीचा क्रॉसबो ६ शिचा. दोरी ओढायला १८० किलोंच्या आसपास बळ. पण कारकून तेवढे लिहून थांबत नाही. एका पट्टीवर ६ शिचा क्रॉसबो नोंदवला आहे आणि पुढे त्याची सध्याची ताकद ४ शि आणि काही जिन, बाण किती पावले जातो तो आकडा, आणि शेवटी ‘शाबूत’ असा शेरा आहे. कमान वापराने आणि हवेने सैल होते हे त्यांना ठाऊक होते, आणि छापील ताकदीवर न विसंबता ती पुन्हा मोजून लिहायची शिस्त होती. आपल्या प्रयोगशाळेतल्या स्प्रिंग-बॅलन्सचे शेवटचे कॅलिब्रेशन कधी झाले, हे या निमित्ताने आठवून पाहा.

त्याच दफ्तरात नेमबाजीच्या परीक्षेचा नियम आहे. दर शरद ऋतूत चौकीच्या अधिकाऱ्यांनी लक्ष्यावर १२ बाण सोडायचे. ६ लागले तर पास. सहाच्या वर लागलेल्या प्रत्येक बाणामागे १५ दिवसांची सेवा जमा धरायची. सवलत बक्षिसाची नव्हे, नोकरीच्या हिशेबाची. म्हणजे ती मिळावी म्हणून माणूस वर्षभर सराव करणार. ज्या शस्त्राला कौशल्य लागत नाही त्यासाठी एखादे साम्राज्य वाळवंटाच्या टोकाला दरवर्षी परीक्षा घेईल का, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे.

नेम धरण्याच्या बाजूलाही गणित होते. अकराव्या शतकातला विद्वान शेन ख्वो आपल्या टिपणवहीत सांगतो की हायचौ इथे जमीन खणताना एक जुना खटका निघाला. त्याची मागची पाती उंच होती आणि तिच्यावर फूटपट्टीसारख्या रेघा होत्या. तो विचार करून लिहितो, की अंतर बघून त्यातली एक रेघ निवडायची आणि त्या रेघेवरून बाणाचे टोक बघत नेम धरायचा; हे तर काटकोन त्रिकोणाचे गणित झाले. त्याचा तर्क बरोबर होता. १९६८ मध्ये मान्चेंग इथे उघडलेल्या राजपुत्र ल्यू शंगच्या थडग्यात, म्हणजे इ.स.पू. ११३ च्या सुमाराचा, असा रेघांचा खटका मिळाला आहे. या रेघा ध्यानात ठेवा, पुढे त्या पुन्हा भेटतील.

शस्त्र सोपे झाले की राज्याला त्याची भीतीही वाटते. हान सम्राट वू याच्या दरबारात गोंगसुन होंग या मंत्र्याने प्रजेला धनुष्य आणि क्रॉसबो बाळगायला बंदी करावी अशी सूचना केली. त्याचे म्हणणे, दहा दरोडेखोर क्रॉसबो ताणून उभे राहिले तर शंभर शिपाई पुढे यायला धजत नाहीत. दुसऱ्या एका अधिकाऱ्याने उलट मांडले, की बंदीने दरोडेखोर थांबणार नाहीत, सज्जन माणूस तेवढा निःशस्त्र होईल. सूचना मागे पडली. हा वाद तुम्ही कालच्या वर्तमानपत्रातही वाचला असेल.

ताकद आणि पल्ला

युरोपात ग्रीकांकडे पोटाने जमिनीवर दाबून भरायचे एक धनुष्य होते, त्याचे वर्णन हेरॉनने केले आहे. पण क्रॉसबोचा खरा जम बसला तो अकराव्या-बाराव्या शतकात. ११३९ मध्ये दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध क्रॉसबो आणि धनुष्य वापरायला मनाई केली. ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड शालू इथल्या गढीला वेढा घालून असताना खांद्यात क्रॉसबोचा बाण लागून त्या जखमेने मेला.

पुढच्या तीनशे वर्षांत युरोपी क्रॉसबोची ताकद वाढतच गेली. आधी लाकूड, मग शिंग, लाकूड आणि स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवलेली कमान, मग पोलाद. इथे थोडा हिशेब करू, कारण या टप्प्यावर आकडे दिशाभूल करतात.

सर राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज गृहस्थाने १९०३ मध्ये क्रॉसबोवर मोठा ग्रंथ लिहिला. जुन्या पोलादी कमानीचा एक क्रॉसबो दुरुस्त करून त्याने वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीपलीकडे बाण मारला होता. दोरीचा ताण सुमारे १२०० पौंड, दोरी ओढली जाई सुमारे ७ इंच, बाणाचे वजन ३ औंस म्हणजे ८५ ग्रॅम, पल्ला ४०० मीटरच्या वर. १२०० पौंड म्हणजे साधारण ५३४० न्यूटन, ७ इंच म्हणजे ०.१८ मीटर. ताण शून्यापासून सरळ रेषेत वाढतो असे धरले तर साठलेली ऊर्जा निम्म्या गुणाकाराइतकी : ४८० जूलच्या आसपास. आता १५० पौंडांचे इंग्रजी लांब धनुष्य घ्या. १५४५ मध्ये बुडालेल्या मेरी रोझ जहाजातून वर काढलेली धनुष्ये साधारण अशाच ताकदीची मानली जातात. ताण ६६७ न्यूटन, पण दोरी सुमारे ०.६ मीटर मागे येते. ऊर्जा २०० जूल. ताण आठपट, ऊर्जा मात्र अडीचपटीच्याही आत.

तेवढ्यावर भागत नाही. ४०० मीटर जायला बाणाला हवेचा अडथळा सोडून दिला तरी सेकंदाला ६३ मीटर वेग हवा. म्हणजे १७० जूल. अडथळ्यासाठी त्यात भर घातली, तरी साठलेल्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपासचा भाग बाणाला मिळालेलाच नाही हे दिसते. तो गेला जड पोलादी कमानीची टोके हलवण्यात. हलक्या लाकडी कमानीत हा तोटा बराच कमी. थोडक्यात, ‘१२०० पौंड’ हा आकडा दबदबा निर्माण करतो, पण आखूड ओढ आणि जड कमान यांची ती भरपाई आहे. शस्त्र आखूड आणि आटोपशीर ठेवायचे तर त्याची किंमत ताणात मोजावी लागते. आटोपशीर क्रॉसबोचा सगळा तांत्रिक इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

एवढा ताण हाताने येत नाही. म्हणून दांड्याच्या पुढे रिकीब आली, तिच्यात पाय घालून कमरेच्या आकड्याने दोरी ओढायची. मग पट्ट्याला बांधलेली दोरी आणि कप्पी. कप्पीने बळ निम्मे झाले. मग बकरीच्या खुरासारखी फाटलेली तरफ. मग रहाट. आणि शेवटी दंतचक्र व दातेरी पट्टीची एक डबी, जिचे हँडल एका हाताने फिरवले की पट्टी दोरीला मागे ओढते. एका बाणाला जवळपास अर्धा मिनिट. लढाईत तो वेळ फार, शिकारीत चालतो. शिवाय ही डबी घोड्यावर बसून वापरता येते, म्हणून ती श्रीमंत शिकाऱ्याच्या हातात जाऊन बसली. गास्तों फेब्यूच्या १३८७ मध्ये सुरू झालेल्या शिकारग्रंथाच्या चित्रांत क्रॉसबोधारी शिकारी दिसतात, आणि सम्राट पहिला मॅक्सिमिलियन तर आल्प्समध्ये क्रॉसबोने शिकार करण्यासाठी प्रसिद्ध होता. जर्मन मुलखातले शिकारी हिवाळ्यात शिंगाची कमान पसंत करत, कारण कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळ होऊन तुटे. पावसाळी हवेत पोलाद बरे, कारण ओलीने सरस सुटतो. म्हणजे जुळवणीची सुरुवात हवामान बघण्यापासून होई.

हवामानाकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, याचे उदाहरण म्हणून १३४६ ची क्रेसीची लढाई सांगितली जाते. लढाईआधी पाऊस पडला आणि फ्रेंचांच्या बाजूच्या जेनोआच्या क्रॉसबोधारकांच्या दोऱ्या भिजल्या, इंग्रजांनी मात्र आपल्या दोऱ्या काढून कोरड्या ठेवल्या होत्या, असे त्या काळच्या एका फ्रेंच वृत्तांतात आहे. सगळे इतिहासकार त्याला सारखे महत्त्व देत नाहीत. जेनोआवाल्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानात राहिल्या होत्या हे कारण मला जास्त पटते. पण यंत्राच्या बाजूने पाहा : लांब धनुष्याची दोरी माणूस क्षणात उतरवतो, ताकदवान क्रॉसबोची दोरी उतरवायला वेगळे साधन लागते.

आणि सराव? गेंट, ब्रुज यांसारख्या फ्लँडर्सच्या शहरांत सेंट जॉर्जच्या नावाने क्रॉसबोधारकांचे संघ होते. शहर त्यांना मैदान देई, दारू देई, मान देई. उंच काठीवर लाकडी पोपट बांधून तो पाडायचा. पाडणारा वर्षभर संघाचा ‘राजा’. इटलीत गुब्बिओ आणि सान्सेपोल्क्रो या दोन गावांतली क्रॉसबोची स्पर्धा आजही होते. उलट इंग्लंडने १५४१ मध्ये कायदा केला की वर्षाला १०० पौंड उत्पन्न नसलेल्याने क्रॉसबो किंवा हातबंदूक बाळगू नये. सामान्य माणसाने लांब धनुष्याचाच सराव करावा ही त्यामागची इच्छा. एकाच शस्त्राला एक समाज मैदान देतो, दुसरा कायद्याने दूर ठेवतो.

आपल्याकडे मैदानी युद्धांत भर राहिला तो हाताच्या धनुष्यावर, विशेषतः घोड्यावरून मारायच्या आखूड संमिश्र धनुष्यावर. पण क्रॉसबो भारतात नव्हता असे समजू नका. निकोबार बेटांवर लाकडी क्रॉसबोने पक्षी मारायची पद्धत होती. अरुणाचलच्या पूर्व टोकाला राहणाऱ्या लिसू समाजात, आणि सीमेपलीकडे म्यानमार व युन्नानमधल्या त्यांच्या भाऊबंदांतही, क्रॉसबो हे ओळखीचे साधन आहे. त्यात धातूचा खटका नसतो. दांड्यावर कोरलेल्या खाचेत दोरी अडकते आणि हाडाचा किंवा लाकडाचा चाप तिला खालून उचलून खाचेबाहेर ढकलतो. कांस्य न ओतता सुटलेले तेच गणित.

आजचा आटोपशीर क्रॉसबो

आखूड ओढीची अडचण विसाव्या शतकात सुटली. १९६९ मध्ये हॉलेस विल्बर ॲलन या अमेरिकन माणसाला कमानीच्या टोकांना विकेंद्री चाके बसवलेल्या धनुष्याचे पेटंट मिळाले. ही चाके क्रॉसबोवर आली, कमानी काचतंतूंच्या आणि हलक्या झाल्या, दोरी दांड्यावर ३०-३५ सेंटिमीटर मागे जाऊ लागली. आज १७५ पौंडांचा क्रॉसबो २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ११० मीटर वेगाने सहज सोडतो : सुमारे १५७ जूल. पेन-गॉलवेच्या १२०० पौंडांशी ताडून पाहा.

मात्र एवढी ऊर्जा आता हलक्या भागांत साठलेली आहे, आणि म्हणून जुळवणीला क्षमा नाही. कमान दांड्याला ज्या बोल्टने जोडायची तो उत्पादकाने दिलेल्या टॉर्कइतकाच आवळावा. मग कापसाचा बोळा कमानीवरून हळूच फिरवा. कुठे धागा अडकला तर तिथे तडा आहे, तो क्रॉसबो ताणायचा नाही. दोरीला मेण लावा, ती ज्या खोबणीवरून सरकते तिथे माहितीपुस्तिकेत सांगितलेले वंगण, तेही पातळ. दोरी सैल असताना खोबणीच्या दोन्ही कडांशी तिच्यावर खूण करून ठेवा. ताणल्यावर दोन्ही खुणा खटक्यापासून सारख्या अंतरावर दिसल्या पाहिजेत. नुसत्या हातांनी ओढले तर एक बाजू दोन-तीन मिलिमीटर पुढे राहते आणि बाण दरवेळी एकीकडे जातो. म्हणून आकड्यांची दोरी वापरतात : रिकिबीत पाऊल, दोरीचा मध्य दांड्यामागच्या खाचेत, दोन आकडे खोबणीला चिकटून, आणि दोन्ही हातांनी एकसारखे ओढायचे, खटका वाजेपर्यंत. प्रत्येक आकडा सरकती कप्पी होतो, ७९ किलोंचे ४० होतात. मघाचा मध्ययुगीन कमरपट्टा आठवला का?

तीन गोष्टी मी इथे ठणकावून सांगतो. बाणाविना दोरी कधीही सोडू नका. ऊर्जा घ्यायला बाण नसला की ती कमानीतच उलटते आणि कमान फुटते. नेमून दिलेल्यापेक्षा हलका बाण वापरणे हाही त्याच धोक्याचा सौम्य प्रकार. आणि पुढचा हात, विशेषतः अंगठा, खोबणीच्या पातळीखालीच ठेवा. दोरी अंगठा घेऊन जाते हे वाक्य अलंकारिक नाही.

बाण ठेवताना वेगळ्या रंगाचे पीस खोबणीत खाली, आणि बाणाचा मागचा भाग दोरीला टेकलेला. मागे भक्कम आड हवा. पहिले बाण दहा यार्डांवरून, दांडा वाळूच्या पिशवीवर टेकवून. मग वीस यार्डांवरून तीन बाण, पण एकाच ठिपक्यावर नव्हे. प्रत्येकाला वेगळा ठिपका द्या, नाही तर एक बाण दुसऱ्याला चिरतो. एका बाणावरून दुर्बीण हलवू नका. तिघांचा मध्य कुठे सरकला आहे ते बघून हलवा. तिघे विखुरलेले असतील तर दोष दुर्बिणीत नाही, ओढण्यात किंवा चाप दाबण्यात आहे. धनुष्य डावी-उजवीकडे कलले तरी बाण कलत्या बाजूला आणि खाली जातो.

दुर्बिणीत एकाखाली एक रेघा दिसतील : वीस, तीस, चाळीस, पन्नास यार्ड. त्या का लागतात ते काढू. वीस यार्ड म्हणजे १८.३ मीटर, ११० च्या वेगाने ०.१६६ सेकंद; तेवढ्यात बाण १३.५ सेंटिमीटर खाली येतो. चाळीस यार्डांना वेळ दुप्पट, घसरण चौपट, ५४ सेंटिमीटर. वीसला जुळवलेली नेमरेषा चाळीसला दुप्पट, म्हणजे २७ सेंटिमीटर, वर धरते; उरलेले २७ सेंटिमीटर बाण खाली लागतो. हरणाच्या छातीऐवजी पोटात किंवा पायात. जिथे क्रॉसबोने शिकार कायदेशीर आहे तिथले जबाबदार शिकारी अंतर मोजल्याशिवाय बाण सोडत नाहीत ते यासाठी, आणि शेन ख्वोने पाहिलेल्या रेघाही यासाठीच होत्या.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा तुमचा संबंध लक्ष्याशीच. असे साधन घेण्याआधी त्याविषयीचे नियम स्थानिक पोलिसांकडून विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत क्रॉसबो १० आणि ३० मीटरवरून मारतात, त्यासाठी वेगळी, नाजूक साधने असतात.

स्वाध्याय : पन्नास यार्डांसाठी वरचे गणित स्वतः करा. मग प्रत्यक्ष सरावाची संधी मिळाली तर ज्यूयानचा नियम लावून बघा. लक्ष्याचा व्यास आधीच ठरवा, नंतर नको. बारा बाण, मध्ये दुर्बिणीला हात लावायचा नाही, कागदावर प्रत्येक बाणाची जागा आणि त्या दिवशीची हवा लिहायची. नऊ लागले तर हान दफ्तराच्या हिशेबाने तुमच्या नावावर ४५ दिवस जमा.